तारू, रथाची चाके आणि पुरावा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : तुर्कस्तानात नोहाचे तारू सापडल्याचा व्हिडिओ आमच्या चर्चच्या व्हॉट्सअॅप गटात फिरतो आहे. लांबी बायबलमधल्या 300 हातांशी जुळते आणि रडारवर आतल्या खोल्या दिसतात, असे त्यात म्हटले आहे. यात तथ्य किती? (एक वाचक, वसई)

व्हिडिओतली जागा म्हणजे पूर्व तुर्कस्तानातल्या दोउबायाझितजवळचे दुरुपिनार. तारू थांबल्याचे मानतात त्या अरारात पर्वताच्या शिखरापासून ती दक्षिणेला सुमारे 30 किलोमीटरवर आहे. 1959 साली तुर्की लष्करातले कॅप्टन इल्हान दुरुपिनार यांना हवाई छायाचित्रांत हा जहाजासारखा आकार दिसला. पुढच्याच वर्षी एका अमेरिकन पथकाने तिथे खणले, सुरुंगही लावले. हाती आले ते दगड आणि माती. नंतर रॉन वायट या हौशी संशोधकाने ही जागा जगभर गाजवली.

आधी मोजमाप पाहू. आकाराची लांबी सुमारे 157 मीटर आहे. 300 हातांशी ती जुळते, पण त्यासाठी सुमारे 52.4 सेंटिमीटरचा इजिप्तचा राजहात धरावा लागतो. साधा, 45 सेंटिमीटरच्या आसपासचा हात धरला तर तारू 135 मीटरचे होते. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात तारवाची रुंदी 50 हात सांगितली आहे, म्हणजे राजहाताने 26 मीटर. हा आकार मधोमध त्याहून बराच रुंद आहे. त्यावर ‘जहाज दबून बाजूंना फाकले’ असा खुलासा दिला जातो. जुळेल ते माप घ्यायचे आणि न जुळणाऱ्याला खुलासा जोडायचा, अशाने कोणताही लांबट डोंगर तारू ठरेल.

रडारला लाकूड किंवा खोली ‘दिसत’ नाही. जमिनीखाली ओलावा, घट्टपणा किंवा खडक बदलला की लहरी परततात, एवढीच नोंद होते. ओल्या चिकणमातीत या लहरी मीटर-दोन मीटरमध्येच विरतात. रडारवरच्या सरळ रेषेचा अर्थ तिथे चर खणल्यावर कळतो. रंगीत चित्र पुढे केले असेल तर मूळ नोंदी मागा आणि आकाराबाहेरच्या जमिनीवरही तसेच रडार फिरवले होते का, ते विचारा. मातीच्या नमुन्यांनाही हेच लागू. आत पोटॅशियम जास्त निघाले, म्हणजे तिथे लाकूड कुजले असावे असे म्हणतात, तर बाहेरचे नमुने किती होते, किती खोलीवरचे होते आणि कुणी घेतले?

डेव्हिड फॅसोल्ड आधी या दाव्याचे खंदे समर्थक होते. 1996 साली भूवैज्ञानिक लॉरेन्स कॉलिन्स यांच्यासोबतच्या शोधनिबंधात त्यांनीच ही नैसर्गिक रचना असल्याचे मांडले. पुरावा म्हणून दाखवले जाणारे तारवाचे ‘लोखंडी खिळे’ म्हणजे खडकातल्या लोहखनिजांचे अंश निघाले. ‘नांगराचे दगड’, म्हणजे जहाज स्थिर ठेवायचे म्हणून दाखवलेले दगड, त्याच परिसरातल्या ज्वालामुखी खडकाचे होते. तारू मेसोपोटेमियातून निघाले असेल, तर त्याचे नांगर तुर्कस्तानातल्या दगडाचे कसे? मला हा मुद्दा सर्वांत निर्णायक वाटतो. तो तपासायला खडकाचा एक पातळ काप आणि सूक्ष्मदर्शक पुरतो.

प्रश्न : तांबड्या समुद्रात फारोच्या रथांची चाके सापडली, त्यांवर प्रवाळ चढले आहे, असे फोटो पाहिले. ते खरे मानावेत का? (एक वाचक, अहिल्यानगर)

नाही. हे फोटो तांबड्या समुद्राचाच फाटा असलेल्या अकाबाच्या आखातातल्या नुवेबाजवळचे म्हणून दाखवले जातात आणि हा दावाही वायट यांचाच आहे. पहिला प्रश्न एकच विचारा : ते चाक आज कुठे आहे? कोणत्या संग्रहालयात, कोणत्या नोंदणी क्रमांकाने? फोटोत मोजपट्टी आहे का, खोली आणि जागेची नोंद आहे का? प्रवाळ मुळातच गोल, आरेदार आकारात वाढू शकते, त्यामुळे आतली वस्तू कापून पाहिल्याशिवाय ‘चाक’ म्हणता येत नाही. शिवाय इजिप्तचे रथ हलक्या लाकडाचे असत. उबदार समुद्रात उघडे लाकूड सागरी किडे लवकर पोखरतात. गाळाखाली गाडले गेलेलेच टिकते.

प्रश्न : ‘कार्बन चाचणीने सिद्ध’ असे लिहिलेले असेल तर विश्वास ठेवावा का?

अहवाल हातात असेल तर तो वाचावा. त्यात प्रयोगशाळेचा नमुना क्रमांक, वय, त्यापुढची ± त्रुटी आणि दुरुस्त केलेला कालखंड असतो. नुसते ‘4,800 वर्षे’ म्हणजे अहवाल नव्हे. फर्नांद नावारा यांनी 1955 साली अरारातवरून आणलेल्या लाकडाचे वय रंग आणि घनतेवरून सुमारे 5,000 वर्षे सांगितले गेले. पुढे कार्बन-14 चाचण्या झाल्या, तेव्हा ते इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातले निघाले. लाकूड काळे पडणे हे हवामानावर आणि भोवतालच्या मातीवर अवलंबून असते, त्यातून वय निघत नाही.

चाचणी बरोबर असली तरी तारीख मिळते ती झाडातले ते वलय वाढल्याची, जहाज बांधल्याची नव्हे. जाड खोडाच्या गाभ्यातला नमुना घेतला तर वय शंभर-दोनशे वर्षांनी सहज वाढते. नमुन्यावर डिंक किंवा मेण लावले असेल तर आकडा आणखी भरकटतो. म्हणून नमुन्याचे तुकडे करून निदान दोन स्वतंत्र प्रयोगशाळांकडे पाठवतात.

प्रश्न : मग बायबलला पुरातत्त्वाचा आधार काहीच नाही का?

आहे, आणि भक्कम आहे. 1993 साली उत्तर इस्राएलमधल्या तेल दान येथे अव्राहाम बिरान यांच्या पथकाला इ.स.पू. 9व्या शतकातला अरामी शिलालेख मिळाला. त्यात ‘दाविदाचे घराणे’ असा उल्लेख असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. हा दगड परवानाधारक उत्खननात, पुढच्या काळातल्या भिंतीत पुन्हा वापरलेला सापडला. 1961 साली इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या कैसरियात, येशूला मृत्युदंड देणारा रोमी सुभेदार पंतय पिलात याचे नाव कोरलेला दगडही असाच नाट्यगृहाच्या बांधकामात मिळाला. दोन्ही दगडांच्या जागेची नोंद आहे आणि दोन्ही कुणालाही तपासता येतात. मात्र तेल दानचा लेख दाविदाच्या वंशाचा उल्लेख करतो, गल्याथ या धिप्पाड योद्ध्याशी झालेल्या त्याच्या लढाईबद्दल त्यातून काहीच कळत नाही.