कलमाच्या चाकूला कोणते कलम?

प्रश्न : मी ६३ वर्षांचा शेतकरी असून उत्तर सोलापूर तालुक्यात माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. भाद्रपदात डॉगरिज जातीच्या खुंटांवर कलमे भरण्याचे काम चालू असताना कलमपट्टी संपली, म्हणून मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून मी शहरात आलो. गणेशोत्सवामुळे एका चौकात नाकाबंदी होती. अंगझडतीत माझ्या बंडीच्या खिशातून घडीचा चाकू निघाला. त्याचे पाते जेमतेम चार बोटे आहे आणि तो पंधरा वर्षे माझ्या खिशात आहे. मला ठाण्यात नेऊन तीन तास बसवून ठेवले, दोन कागदांवर सह्या घेतल्या, चाकू ठेवून घेतला आणि जायला सांगितले. माझा भाचा म्हणतो की नऊ इंचांपेक्षा लहान पात्याला परवानाच लागत नाही. वकीलसाहेब, तसे असेल तर मला का धरले? माझ्यावर केस झाली आहे का, आणि चाकू परत मिळेल का?

उत्तर : आपल्या भाच्याचे म्हणणे चूक नाही, पण ते ज्या कायद्याबद्दल आहे, त्या कायद्याने आपल्याला बहुधा धरलेलेच नाही. नऊ इंचांची गोष्ट शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांतली आहे, ज्याला ठाण्यात आणि बातम्यांत सर्रास ‘हत्यार कायदा’ म्हणतात. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या आणि तशी इतर शस्त्रे त्या नियमांच्या परिशिष्टात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली साधने त्यातून वगळली आहेत. खुद्द अधिनियमातील ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतूनही केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू बाहेर ठेवल्या आहेत. त्यामुळे कलमाचा चाकू त्या कायद्याखाली शस्त्र ठरवणे सरकार पक्षाला सोपे नाही.

मात्र आपण वर्तमानपत्रात वाचत असाल, तर एक ठरलेले वाक्य आपल्या नजरेखालून गेले असेल : ‘भारतीय हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७ (१), १३५ प्रमाणे गुन्हा दाखल.’ वाचणाऱ्याचे लक्ष पहिल्या अर्ध्या भागाकडे जाते, आणि आपल्यासारख्याला अडकवतो तो दुसरा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) नुसार सार्वजनिक शांततेसाठी शहरात पोलीस आयुक्तांना आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांना ठरावीक मुदतीपुरती शस्त्रबंदी जाहीर करता येते. त्या बंदीत तलवारी, भाले आणि बंदुकांबरोबर चाकू, काठ्या, लाठ्या आणि ‘शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ येते. या कलमाला इंच ठाऊक नाहीत. पाते चार बोटांचे असो वा चौदा, आदेश चालू असताना ते सार्वजनिक ठिकाणी बाळगणे हाच त्यात गुन्हा आहे. कलम १३५ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे, आणि न्यायालयाने लेखी कारणे नोंदवल्याशिवाय ती चार महिन्यांहून कमी करता येत नाही. जमावबंदीचे पोटकलम वेगळे आहे, ते ३७ (३). लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि आपण एकटेच होतो, जमाव कुठे होता, असा बचाव सांगतात. तो इथे उपयोगी पडत नाही.

शस्त्रबंदीचा आदेश ठरावीक मुदतीचाच असतो. पण सोलापुरात जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, मग जयंत्यांच्या मिरवणुका, गणेशोत्सव, नवरात्र आणि मधूनच लागणाऱ्या निवडणुका पाहता एक आदेश संपून दुसरा केव्हा निघाला, हे सामान्य माणसाला समजतही नाही. आदेश जाहीर झाला पाहिजे, ही कायद्याचीच अट आहे. तो वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत येतो आणि ठाण्याच्या फलकावर लागतो. बागेत खुंट कापणाऱ्या माणसाने तो कुठे वाचावा, हा प्रश्न रास्त आहे. तरीही ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर न्यायालय सोडून देत नाही. हद्दीचा मुद्दा मात्र तपासून घ्या. आयुक्तांचा आदेश आयुक्तालयाच्या हद्दीपुरता असतो. ग्रामीण भागात त्या दिवशी वेगळा आदेश नसेल, तर जो चाकू आपल्या बांधावर आणि गावच्या पारावर निर्दोष होता, तोच शहराची हद्द ओलांडताक्षणी हरकतीचा झाला.

आता केस झाली का, याविषयी. आपण सह्या केलेल्या दोन कागदांपैकी एक जप्तीचा पंचनामा असावा आणि दुसरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ (३) खालील नोटीस असण्याची शक्यता आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक करण्याची गरज नसेल, तर पोलीस अशी नोटीस देऊन बोलावतात. ती पाळली तर अटक टळते आणि दुर्लक्ष केले तर अटकेचे कारण तयार होते. म्हणून पहिले काम हे की मुलाला घेऊन ठाण्यात जावे, ठाणे अंमलदारांना तारीख आणि वेळ सांगून गुन्हा नोंद झाला आहे का ते विचारावे आणि असेल तर प्रथम खबरी अहवालाच्या (एफआयआरच्या) नकलेसाठी लेखी अर्ज द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार संवेदनशील प्रकार सोडून असे अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. घरातल्या तरुण माणसाला ते पाच मिनिटांत शोधता येईल. आपल्या वयाचाही एक मुद्दा आहे. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल आणि व्यक्ती साठ वर्षांवरील असेल, तर पोलीस उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय तिला अटक करता येत नाही. हे त्याच कलम ३५ मध्ये लिहिले आहे, आणि कलम ३७ च्या गुन्ह्याला ते लागू पडते.

पंचनाम्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अशी प्रकरणे उभी राहतात आणि पडतात ती त्या एका कागदावर. त्यात वस्तूचे वर्णन साधारण असे असते : ‘एक लोखंडी धारदार चाकू, पाते अंदाजे चार इंच, पुढे निमुळते व टोकदार, लाकडी मूठ, जुना वापरता.’ ‘अंदाजे’ या शब्दावर माझे बारीक लक्ष असते, कारण मोजपट्टी लावली असेल तर अंदाज कशाला? पण आपल्या प्रकरणात त्याहून महत्त्वाचे ते आहे, जे बहुधा लिहिलेच गेले नाही : त्याच खिशात कलमपट्टीचे वेटोळे होते का, मुठीवर चिकाचे काळे डाग होते का, बोटांना पट्टी गुंडाळल्याचे वळ होते का. चाकू एकटा लिहिला की तो हत्यार दिसतो आणि पट्टीसोबत लिहिला की अवजार दिसतो. झडतीच्या वेळी शांतपणे ‘खिशातले सगळे लिहा’ असे सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे, यादी करून पंचांच्या सह्या घेईपर्यंतचे, चित्रीकरण करायचे असते आणि ते मोबाइलवरही चालते. गुन्हा नोंदला गेला असेल, तर ते चित्रीकरण मागवण्याचा अर्ज आपल्या वकिलांनी पहिल्याच तारखेला द्यावा. कलमपट्टीच्या दुकानाची त्या दिवसाची पावती असेल तर तीही जपून ठेवा.

चाकू परत मिळेल का? शस्त्रबंदीच्या आदेशाचा भंग करून बाळगलेली वस्तू कलम ३७ (२) प्रमाणे सरकारजमा होते, त्यामुळे गुन्हा त्या कलमाखाली असेल तर आशा धरू नये. इतर कारणाने जप्ती झाली असेल, तर संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करता येतो. मात्र वकील म्हणून नव्हे, शेजारी म्हणून सांगतो, की काही शे रुपयांच्या चाकूसाठी कोर्टाच्या खेपा घालू नका. पंधरा वर्षे हाताला बसलेली मूठ गेल्याचे दुःख मला समजते, पण आपली खेप केस आहे की नाही ते पाहण्यासाठीच खर्ची पडू द्या, कारण समन्स महिन्यांनी घरी येते आणि तोवर माणूस निर्धास्त झालेला असतो.

प्रश्न : मी जुळे सोलापूर भागात राहते. माझ्या १७ वर्षांच्या मुलाने ऑनलाइन एक बटण दाबून उघडणारा चाकू मागवला. गड-किल्ल्यांवर जाताना लागतो असे तो म्हणतो, पण मित्रांबरोबर तो चाकू उघडतानाचे रील त्याने टाकलेले मला दिसले. दुकानात आणि ऑनलाइन उघड विकली जाणारी वस्तू बेकायदा कशी असेल, असे तो मला उलट विचारतो.

उत्तर : ताई, विकत मिळते म्हणून बाळगता येते, हा समज सोडून द्यावा लागेल. पात्याची लांबी हा एक भाग झाला; वस्तू कशासाठी घडवलेली आहे, हा दुसरा, आणि खटक्याच्या किंवा बटणाच्या चाकूबाबत तोच अडचणीचा असतो, कारण कांदा चिरायला किंवा दोर कापायला पाते झटक्यात बाहेर यायची गरज नसते. नऊ इंच हा देशभराचा एकच आकडा आहे, असेही नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ खालील अधिसूचनांनी विशिष्ट भागांत वेगळे बंधन घालता येते. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या आणि गरारीच्या, म्हणजे दात्यांच्या खटक्याने उघडणाऱ्या, चाकूंसाठी ७.६२ सेंटीमीटर, म्हणजे तीन इंच, ही मर्यादा धरली आहे. सहलीला किंवा नातेवाइकांकडे दिल्लीला जाताना तो चाकू मुलाच्या बॅगेत राहिला, तर काय होईल याचा विचार करा.

रीलची गोष्ट त्याहून गंभीर आहे, कारण ‘गडावर लागतो’ हे सांगणे त्या चित्रफितीने खोटे पडते आणि ती चित्रफीत त्यानेच स्वतःच्या नावाने तारखेसह ठेवलेली असते. ती आजच काढायला लावा. तो अठरा वर्षांखालील असल्याने बाल न्याय अधिनियम, २०१५ चे संरक्षण त्याला आहे : त्याला कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. पण वर्षभरात तो सज्ञान होईल आणि सवय तीच राहिली, तर हे संरक्षण नसेल. गडावर जायचेच असेल तर कॅनचे झाकण, स्क्रू आणि छोटे पाते असलेले साधे बहुउपयोगी अवजार सॅकच्या तळाशी ठेवावे, खिशात किंवा पट्ट्याला नको.

प्रश्न : मी एका रुग्णालयात रात्रपाळीला काम करते. पहाटे घरी परतताना भीती वाटते, म्हणून पर्समध्ये स्वयंपाकघरातली छोटी सुरी ठेवते. पोलिसांनी विचारले तर बचावासाठी ठेवली आहे असे सांगितले तर चालेल ना?

उत्तर : आपली भीती खरी आहे, आणि म्हणूनच हे उत्तर लिहिताना मला बरे वाटत नाही. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत ‘आक्रमणासाठी किंवा बचावासाठी’ हत्यार म्हणून घडवलेली किंवा तशी रूपांतरित केलेली वस्तू शस्त्र मानली आहे. स्वयंपाकघरातली सुरी घरगुती वस्तू म्हणून या व्याख्येतून सुटते. पण ती बचावासाठी ठेवली आहे, असे आपण जबाबात म्हणालात, तर तिचा घरगुतीपणा आपणच काढून घेतलात, असा युक्तिवाद समोरचा वकील करणारच. खोटे सांगा असे मी म्हणत नाही. सुरी बाळगू नका, असे म्हणतो. मिरपुडीच्या फवाऱ्याला शस्त्राचा परवाना लागत नाही आणि तो थोड्या अंतरावरूनही काम करतो, तर सुरीला समोरच्या माणसाच्या अगदी जवळ जावे लागते आणि ती हिसकावून घेतली जाते. ११२ हा क्रमांक मोबाइलवर एका दाबात लागेल असा ठेवा आणि रुग्णालय प्रशासनाकडे रात्रपाळीच्या वाहनाची मागणी सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी लेखी करा.

जीव धोक्यात असताना हाताशी सापडेल त्या वस्तूने प्रतिकार करण्याचा आपला हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये शाबूत आहे. तो प्रसंगाचा हक्क आहे, रोज पर्समध्ये काय असावे याचा नव्हे. आपली अंगझडती फक्त महिला पोलीसच घेऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्यात कामाला आहे. धागे कापायची छोटी कात्री गळ्यात दोरीला असते आणि पाळी सुटल्यावर ती तशीच घरी येते. मलाही कोणी धरेल का?

उत्तर : धागे कापायची बोथट टोकाची कात्री औद्योगिक कामाची वस्तू आहे आणि तिच्यासाठी आजवर माझ्याकडे कोणी आलेले नाही. तरीही शस्त्रबंदीच्या दिवसांत पाळी सुटली की ती मागाजवळच्या खुंटीला अडकवून या आणि रात्री उशिरा सुटत असाल, तर कारखान्याचे ओळखपत्र वरच्या खिशात ठेवा.