घानातल्या कन्सेशनमध्ये 'टनाला २८ ग्रॅम' सोनं सापडलंय म्हणतात. रिपोर्टवर विश्वास ठेवून पैसे घालावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नात्यातल्या एकाने घानात ओबुआसीच्या जवळ ४० चौरस किलोमीटरच्या कन्सेशनमध्ये, म्हणजे सरकारी परवान्यावर घेतलेल्या खनिज-क्षेत्रात, भागीदारी देऊ केली आहे. पाच नमुन्यांचा लॅबचा रिपोर्ट दाखवलाय, त्यातल्या एकात टनाला २८ ग्रॅम सोनं आलंय. शिवाय 'शेजारी एवढी मोठी खाण असताना इथे सोनं नसेल कसं' असं त्याचं म्हणणं. मी भूवैज्ञानिक आहे, घानाच्या पश्चिम भागात सोन्याच्या शोधकामावर बराच काळ होतो, म्हणून उत्तर देतोय.

रिपोर्ट खोटा असेलच असं नाही, आणि तिथे सोनं असेलही. दक्षिण घानातले बिरिमियन खडक २०० कोटी वर्षांहून जुने आहेत. ज्वालामुखी खडकांचे पट्टे आणि त्यांच्या मधले गाळाचे खडक पुढे दाबले गेले, दुमडले, त्यांच्यात ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने लांबलचक भेगा पडल्या. त्या भेगांतून वर आलेल्या गरम पाण्याने गारगोटीच्या शिरा भरल्या आणि सोबत सोनंही आणून सोडलं. अशांती नावाच्या पट्ट्यावर ओबुआसी, प्रेस्टिया, बोगोसो या सोन्याच्या खाणी एका माळेत आहेत ते यामुळेच. तिथल्या ओढ्यातला गाळ पाटीत धुतला, आपल्याकडे झारेकरी सराफकट्ट्यावरची धूळ धुतात तसा, तर तळाशी दोन-चार पिवळे कण दिसणं हे नवल नाही. नवल असतं ते सोनं पुरेशा प्रमाणात, सलग आणि काढता येईल अशा जागी असण्याचं.

आता त्या २८ ग्रॅमकडे या. लॅबमध्ये तुमचा अख्खा दगड जात नाही. तो दळतात आणि त्यातली साधारण ५० ग्रॅम पूड शिशाबरोबर भट्टीत वितळवून सोनं मोजतात. अर्धा मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा एकच कण घ्या. त्याचं वजन सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. तो एकटा कण त्या ५० ग्रॅममध्ये आला की आकडा येतो टनाला २५ ग्रॅम. नाही आला तर त्याच दगडाची दुसरी पूड शून्याजवळचा आकडा दाखवते. शिरांमधल्या सोन्याचा हा स्वभावच आहे, म्हणून शोधकामात एकेकट्या मोठ्या आकड्याला फार किंमत नसते. तुमच्या रिपोर्टातल्या बाकीच्या चार नमुन्यांत किती आलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला त्यांच्यातच जास्त रस आहे.

नमुना कुठून घेतला हाही प्रश्न आहेच. ओबुआसीच्या आसपास गालामसेवाल्यांनी, म्हणजे विनापरवाना खणणाऱ्या स्थानिक लोकांनी, जागोजागी खड्डे मारलेले असतात. ते लोक भूगर्भशास्त्र शिकलेले नसले तरी शीर ओळखण्यात तरबेज असतात. कुठलाही शहाणा भूवैज्ञानिक नव्या भागात गेला की आधी त्यांचे खड्डे नकाशावर मांडतो. पण खड्ड्याच्या तोंडाशी पडलेला गारगोटीचा तुकडा त्यांनीच चांगल्यातला चांगला म्हणून वर काढलेला असतो. तो उचलून लॅबला पाठवला तर २८ काय, त्याहून मोठा आकडाही येऊ शकतो. भोवतालच्या खडकाबद्दल त्यातून काही कळत नाही.

'शेजारी खाण आहे' या मुद्द्याचंही तसंच. ओबुआसीत १८९७ पासून कंपनीचं खाणकाम चालत आलंय, ते एका विशिष्ट कातर-पट्ट्यावर, म्हणजे खडक चिरडून सरकलेल्या भेगांच्या पट्ट्यावर. तो पट्टा तुमच्या ४० चौरस किलोमीटरमधून जातो की बाजूने निघून जातो, हे नकाशावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. शंभर मीटरच्या फरकाने सगळं बदलतं. दक्षिणेला टार्क्वाला तर प्रकारच वेगळा: तिथे सोनं मुळात प्राचीन नद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांच्या थरात आहे, थर चादरीसारखे पसरलेले, त्यामुळे अंदाज बांधणं त्या मानाने सोपं. ओबुआसीचा दाखला टार्क्वाला चालत नाही, टार्क्वाचा ओबुआसीला.

सर्वात जास्त फसवतं ते वरचं आवरण. लाखो वर्षांच्या पावसाने तिथला खडक कित्येक मीटर खोल कुजून मऊ मातीसारखा झालेला असतो आणि त्यावर अनेक ठिकाणी कोकणातल्या जांभ्यासारखं कडक लोहयुक्त कवच असतं. या सगळ्या प्रवासात सोनं विरघळतं, सरकतं, पुन्हा साचतं, उतारावरून माती घसरते. म्हणून मातीत सोनं दाखवणारी जागा आणि खाली ज्या खडकातून ते आलं ती जागा एकमेकींवर असतीलच असं नाही. पद्धत अशी असते: पट्ट्याला आडव्या रेषा आखायच्या, समजा २०० किंवा ४०० मीटर अंतराने, आणि प्रत्येक रेषेवर दर ५० मीटरला मातीचा नमुना. इथे आकडे टनाला ग्रॅममध्ये नसतात, मिलिग्रॅममध्ये असतात. टनाला ५० मिलिग्रॅम आलं तरी आम्ही दुसऱ्यांदा बघतो. सोबत आर्सेनिकही मोजतात, कारण त्या भागात आर्सेनोपायराइट (आर्सेनिक, लोह आणि गंधक असलेलं खनिज) आणि सोनं बऱ्याचदा हातात हात घालून येतात. एकच बिंदू चमकला तर सोडून द्यायचा. सलग पाच-सहा रेषांवर एकाच दिशेने आकडे वाढलेले दिसले, तेही गालामसेच्या उकिरड्यापासून लांब, तर मग चर खणायचे आणि त्यानंतर ड्रिलिंग.

खरा पैसा ड्रिलिंगमध्ये जातो आणि लबाडीलाही तिथेच जास्त वाव असतो. शीर जर तिरकी उतरत असेल आणि भोक तिच्या उताराच्या दिशेनेच मारलं, तर तीन मीटर जाडीची शीर कागदावर तीस मीटर दिसते. 'खरी जाडी किती' एवढं विचारलंत तरी समोरच्याला कळतं की तुम्ही अगदीच अनभिज्ञ नाही. दुसरी विचारायची गोष्ट म्हणजे कोअर कुठे ठेवलाय. कोअर म्हणजे डायमंड ड्रिलिंगमधून निघणारा दगडाचा दंडगोल. तो उभा कापून अर्धा लॅबला पाठवतात आणि अर्धा पेटीत जपून ठेवतात, म्हणजे उद्या कोणालाही पुन्हा तपासता येईल. इंडोनेशियात बुसांगला ब्रे-एक्स कंपनीने असा अर्धा भाग ठेवलाच नव्हता, सगळा दळून पाठवला होता. १९९७ मध्ये उघड झालं की त्या पुडीत बाहेरून सोनं मिसळलं जात होतं. त्या प्रकरणानंतर कॅनडाने खनिजसाठ्यांचे आकडे कसे जाहीर करायचे याचे एनआय ४३-१०१ हे नियम आणले. ऑस्ट्रेलियाची जॉर्क संहिता त्याच कामाची. त्यांनुसार पात्र तज्ज्ञाने सही केलेला अहवाल नसेल तर 'रिझर्व्ह' (फायद्यात काढता येईल असा साठा) हा शब्द वापरण्याचा कोणालाही अधिकार नाही.

समजा सगळं नीट जुळून आलं: ५०० मीटर लांब, १० मीटर रुंद, १०० मीटर खोल असा सलग खनिजाचा भाग मिळाला आणि त्यात सरासरी टनाला दीड ग्रॅम सोनं निघालं. साडेतेरा लाख टन दगड, त्यात दोन टन सोनं. तोळ्यांत मांडलं तर पावणेदोन लाख तोळे, ऐकून कोणीही भुलेल. पण मोठ्या कंपनीच्या हिशेबात हे ६५,००० औंस म्हणजे किरकोळच. वर त्यातला खोलीवरचा भाग सल्फाइडचा, म्हणजे गंधकयुक्त खनिजांचा असला आणि सोनं आर्सेनोपायराइटच्या पोटात अडकलेलं असलं, तर सोनं विरघळवून काढायला वापरतात त्या साध्या सायनाइडने ते सुटत नाही. ओबुआसीला याच कारणासाठी १९९४ मध्ये जिवाणू वापरून सल्फाइड फोडणारा कारखाना उभारावा लागला. तुमच्या नातेवाइकाच्या योजनेत असा खर्च कुठे दिसतो का, ते पाहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. घानाच्या २००६ च्या खनिज कायद्यात परवाने वेगवेगळे आहेत: नुसत्या पाहणीचा, शोधकामाचा आणि खाणपट्ट्याचा. पाहणीच्या परवान्यावर ड्रिलिंगसुद्धा करता येत नाही. 'कन्सेशन' या एका शब्दाखाली लोक तिन्ही खपवतात, तेव्हा परवान्याची प्रत मागा आणि घानाच्या मिनरल्स कमिशनकडे नंबर, हद्द आणि मुदत पडताळून घ्या. छोट्या प्रमाणावरच्या खाणकामाचा परवाना फक्त घानाच्या नागरिकांना मिळतो, त्यात तुमच्या नावावर हिस्सा लावून देतो म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. परवान्यातला हक्क दुसऱ्याला द्यायचा तर मंत्र्यांची लेखी मंजुरी लागते. खाणपट्टा झाला तर १० टक्के वाटा सरकारचा, तोही फुकट. आणि 'आत्ता थोडी आगाऊ रक्कम भरा, सोनं विमानतळावर अडकलंय' असा सूर कुठेही लागला, तर भूगर्भशास्त्राचा प्रश्नच मिटला.

पाच नमुन्यांच्या जोरावर मी स्वतः एक रुपयाही घालणार नाही. मातीच्या नमुन्यांचा नकाशा, ड्रिलिंगचे सगळे आकडे (चांगले आणि रिकामे दोन्ही) आणि कोअरच्या पेट्या पाहायला मिळत असतील तर जरूर जा. डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर बरं, पावसाळ्यात तिथले कच्चे रस्ते बंद होतात आणि खड्डे पाण्याने भरलेले असतात. जाताना तुमच्या ओळखीचा नव्हे, तर या व्यवहारात ज्याचा काहीच हिस्सा नाही असा भूवैज्ञानिक सोबत घ्या. त्याला नमुने स्वतःच्या हाताने काढू द्या आणि मोहोरबंद पिशव्या थेट लॅबला द्यायला सांगा. मध्ये ज्यांत सोनं नाही हे माहीत आहे असे दोन-तीन दगडही नंबर घालून टाकायला सांगा. त्या रिकाम्या दगडांत लॅबने सोनं दाखवलं, तर बाकीचा रिपोर्ट वाचायची गरजच नाही.