अमेरिकन सिनेमात वर्णभेद दाखवतात तो खरा असतो की नुसता पुरस्कारांसाठी?

खरा असतो, पण अर्धाच. गोऱ्या प्रेक्षकाला घरी जाताना बरं वाटेल इतपत. चिडून लिहितेय, कारण याच विषयावरून आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी गोतावळ्यात झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

एडिसनला एका ओळखीच्यांकडे जमलो होतो. जेवणं झाल्यावर 'हिडन फिगर्स' लावला. नासाच्या लँग्ली केंद्रात गणितं करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांची गोष्ट. कॅथरिन जॉन्सनला काळ्या बायकांसाठीच्या लांबच्या स्वच्छतागृहात पळत जावं लागतं, एक दिवस ती सगळ्यांसमोर फुटते आणि तिचा गोरा साहेब जाऊन स्वच्छतागृहावरची ती वेगळेपणाची पाटी तोडतो. सगळ्यांचे डोळे भरून आले. यजमान दादांनी तर चष्मा काढून पुसला. मग चहा झाला आणि त्यांच्या लेकीच्या लग्नाचा विषय निघाला. तिचा मित्र कृष्णवर्णीय आहे. दादा म्हणाले, "गोरा असता तर एक वेळ चाललं असतं. काळा नको."

मी विचारलं, "मग मघाशी रडलात कोणासाठी?"

"तो सिनेमा आहे. हे माझं घर आहे."

अशा सिनेमांचा दोष हाच. ते बघताना आपण त्या चांगल्या साहेबाच्या जागी बसतो. तो साहेब काल्पनिक आहे. खऱ्या कॅथरिन जॉन्सन सरळ गोऱ्या बायकांचंच स्वच्छतागृह वापरायच्या. लँग्लीत पाटी हटवली ती मिरियम मान या कृष्णवर्णीय बाईंनी. कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर 'कलर्ड' (म्हणजे काळ्यांसाठी) लिहिलेली पाटी असायची, ती उचलून त्या पर्समध्ये टाकायच्या. नवी पाटी यायची, तीही पर्समध्ये जायची. शेवटी पाटी ठेवणारेच थकले. इतका जिवंत प्रसंग हाताशी असताना श्रेय दिलं गोऱ्या साहेबाला!

हॉलिवूडचं स्वतःचं वागणं तरी काय होतं? १९४० साली हॅटी मॅकडॅनियलना ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीयांतलं पहिलं, आणि त्याच समारंभात त्यांना सहकलाकारांपासून वेगळं, भिंतीकडेच्या टेबलावर बसवलं होतं. काळ्या-गोऱ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायला हेज कोडची, म्हणजे हॉलिवूडच्या स्वतःच्याच नियमावलीची, कित्येक वर्षं बंदी होती.

पुढच्या वेळी मी मुद्दाम मीरा नायरचा 'मिसिसिपी मसाला' (१९९१) घेऊन गेले. हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेलं भारतीय कुटुंब मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला मोटेलात राहतं. त्यांच्या लेकीचं, मीनाचं, गालिचे साफ करणाऱ्या डेमेट्रियसशी (डेन्झेल वॉशिंग्टन) जुळतं. गाडीच्या अपघातावरून त्याने कोर्टात जाऊ नये म्हणून हेच लोक आधी त्याला 'आपण सगळे एकच' म्हणतात, आणि प्रकरण कळल्यावर त्याची कामं बंद होतात. तो मीनाच्या बापासमोर उभा राहून सुनावतो, तुमच्या माझ्या रंगात फरक आहे तो जेमतेम दोन-चार छटांचा. त्या प्रसंगाला दादा आमटी गरम करायला उठले. परत येऊन म्हणाले, अतिरंजित आहे.

अतिरंजित कसलं? १९२३ साली भगतसिंग थिंद खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की हिंदुस्थानी माणूस गोरा धरता येणार नाही, त्याला नागरिकत्व नाही. आपल्यासारख्यांना दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५च्या स्थलांतर कायद्याने, आणि त्यासाठी वातावरण तयार केलं ते काळ्या लोकांनी मार खाऊन लढलेल्या नागरी हक्कांच्या चळवळीने. दादांच्या ग्रीन कार्डामागे ती माणसं उभी आहेत. 'कोणीही चालेल, फक्त ते सोडून' हे आम्ही गावाकडेही ऐकत मोठे झालो. जात बघायची ती सवय सामानाबरोबर इकडे आली.

सगळेच सिनेमे असे नाहीत, हेही सांगते. स्पाइक ली या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा 'डू द राइट थिंग' (१९८९) कोणालाच सोपी सुटका देत नाही. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं साधं नामांकनही नव्हतं, आणि ऑस्कर गेलं 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला, गोऱ्या म्हातारीच्या काळ्या ड्रायव्हरच्या गोष्टीला. 'हिडन फिगर्स'ही मुलींना जरूर दाखवा, माझ्या लेकीला कॅथरिन जॉन्सन त्यातूनच कळल्या. आणि मिसिसिपीसारख्या अमेरिकेच्या दक्षिण भागात मी राहिलेले नाही, तिथलं माझं ज्ञान वाचून-बघूनच.

तुम्ही सुरुवात स्पाइक लीपासून करा, मग 'मिसिसिपी मसाला'. आणि दादा, तुम्ही इथली उत्तरं वाचता हे मला माहीत आहे. त्या मुलाला तुम्ही अजून भेटलेलासुद्धा नाहीत. एकदा जेवायला बोलवा. वहिनींची तयारी आहे, मी विचारलंय.