परीलोकाच्या कादंबरीवर पहिलं मत लिहिताना

अगं, पहिल्यांदाच कादंबरीवर मत लिहायचंय ना, मग इतरांची मतं आधी वाचत बसू नकोस. एमा बुल यांची १९८७ची ‘वॉर फॉर द ओक्स’ ही कादंबरीच उदाहरण म्हणून घे. मिनियापोलिस शहर, बँडमध्ये गाणारी, गिटार वाजवणारी एडी आणि तिची राखण करणारा परीलोकातला फूका, घटकेत काळा कुत्रा, घटकेत माणूस. प्रेमकथा म्हणून हाती घेणाऱ्याला त्यात युद्ध जास्त वाटतं, युद्धासाठी आलेल्याला प्रेम. म्हणून कुणी ‘रटाळ’ म्हटलं की तो काय शोधत होता ते बघ.

आणि ‘फे’, म्हणजे त्यातले परीलोकातले लोक, पंखवाल्या गोड पऱ्या नव्हेत! त्यांच्या लढाईत खरं मरण यायला मर्त्य माणूस हजर लागतो, एडीला ओढलंय ते त्यासाठीच. तुझा जीव फूकावर नेमका कुठल्या प्रसंगात जडला, ते लिही. मला तेच वाचायचंय.