खोटं लिही असं तुला कुणीच सांगणार नाही

रिसर्च डेस्कवर, म्हणजे शेअर घ्यावा की विकावा हे सांगणारे रिपोर्ट लिहायला लागलीस, छान झालं. बँकिंग (कंपन्यांना पैसा उभारून देणारी बाजू) आणि रिसर्चच्या मध्ये भिंत आहे, एकाने दुसऱ्याच्या कामात पडायचं नाही, त्यामुळे काळजी नको, असं तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं म्हणतेस. भिंत आहे, खरंय. पण ती का बांधावी लागली ते माहीत असू दे.

मूळ दुखणं असं की रिसर्च स्वतः फारसे पैसे कमवत नाही. तिचा खर्च ब्रोकरेजमधून (शेअरच्या व्यवहारांवरच्या कमिशनमधून) निघतो आणि पूर्वी तर बराचसा बँकिंगच्या फीमधून निघायचा, आणि ती फी देणार कोण, तर जिच्यावर तू लिहिणार तीच कंपनी. डॉटकॉमच्या तेजीच्या काळात मेरिल लिंच या बँकेचा ॲनालिस्ट हेन्री ब्लॉजेट ज्या शेअर्सबद्दल बाहेर चांगलं बोलायचा त्यातल्याच काहींना आतल्या ईमेलमध्ये भंगार म्हणायचा. सिटीग्रुपच्याच सॉलोमन स्मिथ बार्नीचा ॲनालिस्ट जॅक ग्रबमन याने नोव्हेंबर १९९९ मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचं रेटिंग वाढवलं, आणि त्याच सुमारास पोरांच्या नर्सरी ॲडमिशनसाठी सिटीग्रुपचे प्रमुख सँडी वाइल यांच्याकडे शब्द टाकत होता, जे स्वतः एटी अँड टीच्या बोर्डावर होते (नर्सरी! मला अजून हसू येतं). दोघांवरही या धंद्यात आजन्म बंदी आली. २००३ मध्ये अशा प्रकरणांच्या तडजोडीत दहा बँकांनी मिळून १४० कोटी डॉलर भरले आणि बँकरने ॲनालिस्टचा पगार ठरवायचा नाही, त्याला पिचला (काम मिळवायला कंपनीसमोर) न्यायचं नाही, असे नियम आले.

मग सगळं सुधारलं? टॉईज आर अस या खेळण्यांच्या कंपनीच्या २०१० मधल्या प्रस्तावित आयपीओसाठी परत दहा फर्म्सनी ॲनालिस्टना पुढे करून चांगल्या कव्हरेजची (कंपनीवरच्या रिपोर्ट्सची) आशा दाखवली, २०१४ मध्ये फिनराने (अमेरिकेतल्या ब्रोकर्सवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने) ४ कोटी ३५ लाख डॉलरचा दंड ठोकला. आयपीओ झालाच नाही ते वेगळं.

तुझ्यापर्यंत हे दडपण वेगळ्याच चेहऱ्याने येईल. "रिपोर्ट रिझल्टनंतर काढूया का", "सेल (विका) कशाला, होल्ड (राखून ठेवा) ठेव, कव्हरेज सोडलं तरी चालेल." कंपनीचा सीएफओ (अर्थप्रमुख) तुझे फोन घेणं बंद करेल, कॉनकॉलवर (कंपनीच्या ॲनालिस्टसोबतच्या फोन-बैठकीत) तुझा प्रश्न येणारच नाही. ज्या फंडाकडे तो शेअर भरलेला आहे तोही चिडेल, आणि वर्षअखेरीला ॲनालिस्टच्या मतदानात तुला मतं देणारा तोच असतो. या बाजूबद्दल कुणी बोलत नाही, मला तर बँकरपेक्षा हीच जड वाटते.

आणि सगळ्यात सोपी पळवाट तुझ्याच एक्सेलमध्ये आहे. डिस्काउंट रेट (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) १० टक्के, कायमची ग्रोथ ३ टक्के धरलीस तर टर्मिनल व्हॅल्यू (अंदाजाच्या वर्षांनंतरच्या सगळ्या कमाईची किंमत) पुढच्या वर्षीच्या कॅश फ्लोच्या साधारण १४.३ पट येते, ग्रोथ ४ केलीस की १६.७ पट. कंपनीत काहीही बदललं नाही, एक्सेलचा एक रकाना बदलला आणि टर्मिनल व्हॅल्यूत सतरा टक्के वाढ, आणि रिपोर्ट वाचणारा तिथवर जातच नाही. म्हणून आकडा बदलताना तारीख आणि कारण शेजारच्या कॉलममध्ये लिहीत जा, आधीची फाईल उडवू नकोस. कुणी तोंडी बदल सुचवला तर "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे" असा साधा मेल टाक आणि कंप्लायन्सला (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाला) कॉपीत ठेव. निम्म्या सूचना तिथेच मागे घेतल्या जातात.