लॉकरमध्ये किती वेळ दडून बसायचे?

प्रश्न : मी मिरजेत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘एलियन’ या चित्रपटमालिकेवर आधारलेला ‘एलियन : आयसोलेशन’ हा गेम मी लॅपटॉपवर मीडियम पातळीवर खेळतो आणि त्यातील अवकाशस्थानकाच्या सॅन क्रिस्टोबल या वैद्यकीय विभागात येऊन अडकलो आहे. कोणत्याही लॉकरमध्ये, म्हणजे उभ्या कपाटात, लपलो तरी एलियन हा परग्रहावरील हिंस्र प्राणी थोड्याच वेळात त्याच खोलीत हजर होतो. माझा मित्र म्हणतो की, संगणकाला आपली जागा आधीच ठाऊक असते आणि तो सरळसरळ लबाडी करतो. हे खरे असेल तर खेळण्यात अर्थ काय?

उत्तर : आपल्या मित्राचे म्हणणे निम्मे खरे आहे. संगणकाला आपली जागा ठाऊक असते. एलियनला मात्र ती ठाऊक नसते, आणि या खेळाची सगळी गंमत या फरकातच आहे.

हा गेम ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ या इंग्लंडमधील संस्थेने तयार केला आणि ‘सेगा’ने तो ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजारात आणला. त्याच्या रचनाकारांनी एलियनला ठरावीक वाटेने फिरणारा पहारेकरी केले नाही, तर त्याचे काम दोन स्वतंत्र यंत्रणांकडे सोपवले. त्यांपैकी पहिलीला आपण सूत्रधार म्हणू, आणि सांगलीकर वाचकाला हे नाते समजावून सांगण्याची गरज पडू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, तेव्हा कथेचा धागा सूत्रधाराच्या पदांतून पुढे जाई आणि पात्रे आपली भाषणे तिथल्या तिथे रचून बोलत. या खेळातही सूत्रधाराला आपण कोठे आहोत आणि एलियन कोठे आहे, हे सतत माहीत असते; पण तो एलियनला अचूक जागा कधीच सांगत नाही, फक्त ‘त्या भागाकडे जाऊन पाहा’ एवढेच सुचवतो. तेथे पोहोचल्यावर पुढचे सगळे एलियनने, म्हणजे दुसऱ्या यंत्रणेने, आपल्या डोळ्यांनी आणि कानांनी शोधायचे असते. धावण्याचा आवाज, टॉर्चचा उजेड, बंदुकीचा बार, हे त्याला लागणारे खरे सुगावे आहेत.

सूत्रधाराचे दुसरेही एक काम आहे आणि आपला अडसर बहुधा तेथेच आहे. खेळणाऱ्यावर या क्षणी किती दडपण आहे, याचा तो हिशेब ठेवतो. एलियन जवळ असला, नजरेसमोर असला किंवा मोशन ट्रॅकरवर, म्हणजे आसपासची हालचाल दाखवणाऱ्या हातातील उपकरणावर, त्याचा ठिपका दिसत असला की ते दडपण वाढत जाते, आणि ते एका मर्यादेबाहेर गेले की सूत्रधार एलियनला मागे बोलावतो. मग तो छतातील व्हेंटमध्ये, म्हणजे हवा खेळवणाऱ्या नळीत, चढून निघून जातो. काही काळाने दडपण पुरेसे उतरले की त्याला पुन्हा आपल्या आसपास पाठवले जाते. याचा सरळ अर्थ असा की, एलियन वर चढून गेल्यानंतरचा काळ ही पुढे सरकण्याची वेळ असते. बहुतेक खेळाडू नेमकी तीच वेळ ‘अजून थोडे थांबू’ म्हणत लॉकरमध्ये घालवतात आणि बाहेर पडतात तेव्हा तो परतण्याच्या बेतात असतो. आपण कोणत्याही लॉकरमध्ये लपलात तरी तो येतो असे जे आपल्याला वाटते, त्याचे कारण एवढेच आहे.

लॉकरमध्ये असताना काय करायचे, हेही नीट पाहून घ्यावे. एलियन दाराच्या फटींपाशी तोंड आणून हुंगू लागला की पडद्यावर मागे सरकून श्वास रोखण्याची सूचना येते. श्वास फार वेळ रोखला तर प्रकृतीची पट्टी खाली येऊ लागते, म्हणून घाबरून आधीपासूनच श्वास रोखून बसू नये. त्या वेळी हातातील मोशन ट्रॅकर मात्र खाली घ्यावा, कारण त्याचा ‘टिक टिक’ आवाज जवळ आलेल्या एलियनला ऐकू जातो. ट्रॅकर वर धरला की त्याचा हिरवा पडदा स्पष्ट दिसतो आणि मागची खोली धूसर होते. समोरचे पाहायचे की ट्रॅकर पाहायचा, ही निवड प्रत्येक वेळी करावी लागते आणि ती मुद्दामच तशी ठेवलेली आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांत एवढे हुशार अवजार दुसऱ्या कोणत्या भीतीच्या खेळात आलेले नाही.

छताकडेही लक्ष ठेवावे. उघड्या व्हेंटमधून लाळेची तार खाली लोंबत असेल, तर एलियन वरच दबा धरून बसला आहे असे समजून दुसरी वाट धरावी. पुढे आपल्याला फ्लेमथ्रोअर हे आगीचा झोत फेकणारे शस्त्र मिळेल. त्याने एलियन मरत नाही, फक्त काही काळ पळतो, आणि फ्लेमथ्रोअर वारंवार वापरला तर एलियन आगीला पूर्वीइतकी भीक घालत नाही. सुरुवातीला बंद ठेवलेल्या एलियनच्या काही सवयी खेळ पुढे जाईल तशा उघडत जातात. ‘तो माझ्याकडून शिकतो’ असे अनेकांना वाटते, त्यामागे हेही एक कारण आहे. तेव्हा एकच युक्ती घासत बसू नये. आवाज करणारे उपकरण दूर फेकून त्याला तिकडे वळवणे हा उत्तम उपाय आहे, आणि वाटेत शत्रुत्वाने वागणारी माणसे असतील, तर ते उपकरण त्यांच्यातच टाकावे. पुढचे काम एलियन करतो. वर्किंग जो नावाच्या यंत्रमानवांवर हा डाव चालत नाही, कारण एलियन त्यांच्या वाटेला जात नाही.

एवढे करूनही हा विभाग पार पडला नाही, तर पातळी खुशाल ईझीवर आणावी. खालच्या पातळीवर त्याची इंद्रिये बोथट होतात, खेळाचा आशय मात्र तोच राहतो.

प्रश्न : माझ्याकडे डेस्कटॉप आहे आणि पावसाळ्यात आमच्या विश्रामबागेत वीज कधी जाईल याचा नेम नसतो. परवा अर्ध्या तासाचा खेळ वाया गेला. हा गेम आपोआप सेव्ह का होत नाही?

उत्तर : काही ठरावीक टप्पे सोडले तर तो जाणूनबुजून आपोआप सेव्ह होत नाही. भिंतीवरील यंत्रात कार्ड घालायचे, तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत उभे राहायचे, आणि त्या दरम्यान एलियन मागून आला तर मरायचे, असा हा रिवाज आहे. सेव्ह करणे हीच जोखीम ठरते. रचनाकारांनी विजेचा विचार केला नव्हता हे उघड आहे. सेव्हचे यंत्र दिसले की पुढचे काम बाजूला ठेवून आधी सेव्ह करावे, आणि मागे वळण्याची वाट सुरक्षित असेल तर पुन्हा येऊन सेव्ह करण्यातही कमीपणा मानू नये. घरात इन्व्हर्टर असला तरी बदलाच्या क्षणी डेस्कटॉप बंद पडू शकतो, त्यामुळे छोटा यूपीएस जोडावा. तो मिळवून देईल तेवढी मिनिटे जवळच्या यंत्रापर्यंत पोहोचण्यासाठी वापरावीत. फोन चांगल्या क्षमतेचा असल्यास हाच गेम डिसेंबर २०२१ पासून अँड्रॉइड आणि आयफोनवरही आहे, आणि तेथे विजेचा प्रश्नच उरत नाही. पडदा लहान असला तरी हेडफोन लावल्यावर भीती तसूभरही कमी होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. तासगावला आत्याकडे त्याने हा गेम पाहिला आणि आता हट्ट धरून बसला आहे. द्यावा का?

उत्तर : देऊ नये. युरोपातील वर्गीकरणात याला १८ वर्षांवरील, तर अमेरिकेत १७ वर्षांवरील वयोगटासाठीचा दर्जा आहे. रक्तपात आहेच, पण मला अधिक अडचण वाटते ती तासन्‌तास टिकून राहणाऱ्या धास्तीची. मोठ्यांनाही हा गेम रात्री बंद करावा लागतो.

प्रश्न : चित्रपट न पाहता हा गेम खेळला तर काही बिघडेल का? पाहायचेच झाले तर कोणता आधी पाहावा?

उत्तर : फक्त पहिला चित्रपट पाहून घ्यावा. रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ १९७९ मध्ये आला. गेमची कथा त्यातील घटनांनंतर १५ वर्षांनी, म्हणजे २१३७ मध्ये घडते. आपण ॲमांडा रिप्ली या तरुणीच्या भूमिकेत असतो. बेपत्ता झालेली एलेन रिप्ली ही तिची आई. आई ज्यावर होती त्या नोस्ट्रोमो या यानाचा उड्डाण-नोंदक सापडल्याची वार्ता येते आणि आईचे काय झाले हे कळेल या आशेने ॲमांडा सेव्हास्तोपोल या अवकाशस्थानकावर येते.

पहिला चित्रपट पाहण्याचे आणखी एक कारण आहे. ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स’ने रचनाकारांना सुमारे ३ टेराबाइट मूळ सामग्री, म्हणजे रेखाटने, छायाचित्रे, ध्वनी असे सर्व काही, उपलब्ध करून दिले होते. त्यांनी भविष्यकाळ रंगवताना १९७९ च्या कल्पनेपलीकडे पाऊल टाकले नाही: पडदे जाडजूड, अक्षरे हिरवी, बटणे दाबल्यावर खटकन आवाज करणारी. गेममधील या पडद्यांवरची थरथर खरी वाटावी म्हणून त्यांनी त्यांवरील दृश्ये चक्क व्हीएचएस कॅसेटवर उतरवून पुन्हा चित्रित केली. चित्रपट ताजा असेल, तर स्थानकाच्या पहिल्याच बोळात ही मेहनत दिसून येते.

जेम्स कॅमेरून यांचा १९८६ चा दुसरा चित्रपट मात्र गेम संपेपर्यंत बाजूला ठेवावा. चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीतून वगळलेला आणि नंतरच्या विस्तारित आवृत्तीत आलेला एक प्रसंग एलेनच्या मुलीविषयीच आहे, आणि ॲमांडाच्या आयुष्याचे पुढे काय झाले ते त्यात स्पष्टच सांगितले आहे. गेम संपवून तो पाहायला बसाल, तेव्हा आवृत्ती विस्तारितच आहे ना, याची आधी खात्री करून घ्यावी.