रव्याची उफणणी : पीठ चाळणाऱ्या जुन्या यंत्रांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी लिहिण्याच्या ओघात मी म्हणून गेलो की एकोणिसाव्या शतकात गिरणीधंदा बदलला तो दळण्यामुळे कमी आणि चाळण्या-पाखडण्यामुळे जास्त. त्यावर बरीच पत्रं आली. काही चक्कीवाल्यांची थोडी रागावलेली, काही कुतूहलाची. निवडक प्रश्न घेतो.

सांगलीहून एक चक्कीमालक विचारतात : दगडांच्या जागी दळायला लोखंडी रोलर आले म्हणून पांढरा मैदा आला, असंच आम्ही ऐकत आलोय. चाळणीला तुम्ही एवढं महत्त्व का देता?

तुमच्याच धंद्यातलं बोलू. गिऱ्हाईक म्हणतं ‘बारीक दळा’, की तुम्ही दगड आवळता. दगड जवळ, फेरे जास्त, पीठ हाताला चटका देईल इतकं गरम. अमेरिकेतले गिरणीवाले १८७० पर्यंत हेच करत होते. एका फेऱ्यात जेवढं पीठ निघेल तेवढं काढायचं, उरलं ते कोंड्यात.

मऊ हिवाळी गव्हाला हे चालून जायचं. त्याचं साल चिवट, मोठ्या पापुद्र्यांनी सुटतं आणि चाळलं की बाजूला होतं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात मात्र थंडी इतकी की गहू वसंतात पेरायचा. त्याचा दाणा कडक आणि साल ठिसूळ. आवळलेल्या दगडांखाली त्या सालीचा भुगा व्हायचा आणि तो पिठाइतकाच बारीक, म्हणजे कुठल्याही चाळणीतून पिठाबरोबरच खाली. पीठ करडं, ठिपकेदार. बाजारात हिवाळी गव्हाच्या पिठापेक्षा भाव कमी.

शिवाय मधला माल उरायचा. पीठ म्हणावं तर जाड, कोंडा म्हणावा तर बारीक. आपण त्याला सरळ रवा म्हणतो, तिकडे त्याचं नावच ‘मिडलिंग्ज’, म्हणजे मधलं. तो पुन्हा दळला तर पीठ काळपट निघायचं, म्हणून त्याची किंमत हलकी. आता गंमत बघा. दाण्यातला कडक, भरपूर ग्लुटेनचा (म्हणजे कणकेला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाचा), पावाला सगळ्यात चांगला भाग याच रव्यात असतो. त्याला बट्टा लागायचा तो त्यात मिसळलेल्या सालीच्या कणांमुळे, आणि ते कण रव्याच्याच मापाचे. चाळणी माप बघते, वजन बघत नाही. तिथे वारा लागतो.

हा वारा म्हणजे रवा साफ करणारं यंत्र, प्युरिफायर. मिनेसोटातल्या मिनिआपोलिस शहराच्या गिरण्यांत तो १८७१ च्या सुमारास आला, तेव्हा दळायला दगडच होते. फक्त ते आता जरा सैल सोडून हळू फिरवायला लागले, म्हणजे रवा जास्त पडावा. पडलेला रवा वाऱ्याने साफ करून पुन्हा दळायचा. काल हलक्या भावाने जाणाऱ्या मालातून सगळ्यात महाग पीठ निघू लागलं. लोखंडी रोलर तिथे नंतर आले. १८७० साली शहराचं उत्पादन दोन लाख बॅरलच्या आत होतं, १८८० मध्ये वीस लाखांच्या वर आणि १८९० मध्ये सत्तर लाखांच्या घरात. बॅरल म्हणजे १९६ पौंड, आपले साधारण ८९ किलो. रोलरचं श्रेय मी नाकारत नाही, पण रांगेत पहिला नंबर त्यांचा नाही.

रत्नागिरीहून एक वाचक : माझी आजी दिवाळीआधी घरी रवा काढायची आणि सुपात घोळायची. तुम्ही म्हणता तो प्युरिफायर म्हणजे तेच का? आणि शोध कोणाचा?

तेच. तुमच्या आजी काय करायच्या ते आठवा. गहू ओलवून फडक्यात बांधून ठेवायचे, म्हणजे साल चिवट होतं. जात्याच्या खुंट्यापाशी चिंधी घालून वरची तळी किंचित उचलायची, म्हणजे दाण्याचं पीठ न होता रवा पडतो. मग चाळायचं, आणि चाळणीवरचा रवा सुपात घोळायचा. घोळताना हलका कोंडा वर येतो, पुढे सरकतो, आणि एका झटक्यात बाहेर. रवा मागे राहतो. व्हिएन्ना-बुडापेस्टकडचे गिरणीवाले ‘उंच दळण’ म्हणायचे ते दुसरं काय होतं?

यंत्रात हेच दोन कामांची सांगड घालून होतं. रेशमी कापडाची लांब, जराशी उतरती चाळण सतत हलत असते. वर पंखा असतो, तो कापडाच्या खालून हवा वर ओढतो. रव्याचा थर त्या हवेवर जवळजवळ तरंगत पुढे जातो. जड, स्वच्छ कण तळाशी बसतात आणि कापडातून पडतात. सालीचे पापुद्रे वर तरंगत शेवटच्या टोकाला निघून जातात, आणि अगदी हलकी धूळ पंख्याबरोबर. कापड सुरुवातीला बारीक, पुढे जाडं होत जातं, कारण रव्याचेही लहान-मोठे भाऊ वेगळे काढायचे असतात. हवा आपापल्या मापाच्या कणांमध्येच नीट निवाडा करते.

शोध कोणाचा, याला एक नाव देता येत नाही. व्हिएन्ना परिसरात इग्नाझ पाउर याने १८१० च्या सुमारास वाऱ्यावर रवा साफ करणारं यंत्र बसवलं. फ्रान्समध्ये पेरिगोने १८६० मध्ये आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. मिनेसोटात ही कल्पना आणली ती फ्रेंच वंशाच्या ला क्रॉआ बंधूंनी. त्यातला एडमंड हा मिनिआपोलिसला गिरणीमालक वॉशबर्न यांच्या गिरणीत आला. तिथला कारभार जॉर्ज ख्रिश्चन बघत होता, त्याने त्याला हवं ते बनवू दिलं. यंत्र चाललं, पण कापड बुजायचं. चिकट पिठूळ धूळ भोकांत बसली की हवाही बंद आणि रवाही बंद. तो काटा काढला जॉर्ज स्मिथ नावाच्या मिलरने, कापडाखालून सतत येरझाऱ्या घालणारा ब्रश बसवून. पुढे त्याने मिशिगनमधल्या जॅक्सन गावी कारखाना काढला आणि त्याची यंत्रं हजारांनी विकली गेली. माझं मत विचाराल तर वाऱ्याच्या कल्पनेइतकाच मोठा शोध तो ब्रश आहे.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. मी नोकरीला लागलो त्या मिलमध्ये (नाव नको) रात्रपाळीत एका प्युरिफायरच्या ब्रशचा पट्टा तुटला. आवाजात कोणाला फरक कळला नाही. सकाळी चोकराची, म्हणजे कोंड्याची, पोती नेहमीपेक्षा जड लागली म्हणून हमालाने ओरड केली, तेव्हा लक्षात आलं की रात्रभर चांगला रवा चोकरात चाललाय. आमचे हेडमिलर तिथे आले, यंत्राची बाजूची फळी काढली, कापडाखालचा मूठभर रवा तळहातावर घेतला आणि हलकी फुंकर मारली. ठिपके उडाले नाहीत, कारण ठिपके नव्हतेच. माल उत्तम होता, फक्त पडत होता चिमूटभर. मग त्यांनी कापडाला खालून बोट लावून दाखवलं. भोकं बुजून कापड पत्र्यासारखं झालं होतं.

इचलकरंजीहून, स्क्रीन प्रिंटिंगचा व्यवसाय : आम्ही जाळीला ‘बोल्टिंग क्लॉथ’ म्हणतो. त्याचा पिठाशी संबंध आहे म्हणतात, खरं का?

शंभर टक्के. पीठ चाळण्याला इंग्रजीत बोल्टिंग म्हणत, आणि तुमची जाळी मुळात पिठाचीच. युरोपात आधी लोकरीचं, तागाचं, पुढे रेशमाचं कापड वापरलं गेलं, आणि एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या विणकरांनी त्यात असं नाव काढलं की अमेरिकेतल्या गिरण्याही तिथलंच रेशीम मागवू लागल्या. रेशीम का? बारीक पण मजबूत, गुळगुळीत, आणि पीठ त्याला कमी चिकटतं. विणही साधी नाही. ताण्याचे दोन धागे एकमेकांना पीळ घालून बाण्याला धरून ठेवतात, म्हणून कितीही हलवलं तरी भोक सरकत नाही. साध्या विणीत एक धागा सरकला की शेजारची दोन भोकं बिघडली, आणि त्यातून कोंडा आलाच.

कापडाला नंबर असायचे. १० नंबरच्या कापडात इंचाला सुमारे ११० भोकं. तुमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी ‘दहा डबल एक्स’ असे नंबर अजून असतील; ते गिरणीवाल्यांचेच. आता सगळं नायलॉन आणि पॉलिएस्टर.

परभणीहून, अन्नतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी : रील आणि प्लॅनसिफ्टर यांत नेमका फरक काय?

रील म्हणजे पंधरा-वीस फूट लांबीचा, बहुधा षटकोनी, जरासा कललेला पिंप. अंगावर रेशीम ताणलेलं. एका तोंडाने दळलेला माल आत, पिंप मिनिटाला तीसेक फेरे घेत फिरतं, माल कडेने वर चढतो आणि धपकन खाली पडतो. वरच्या भागात बारीक कापड, तिथे पीठ पडतं, पुढे जाडं कापड, तिथे रवा, शेवटी कोंडा. दोष उघड आहे. कोणत्याही क्षणी कापडाचा फक्त तळचा भाग काम करतो, वरचं रेशीम नुसतं फिरत असतं. त्यात धपकन पडण्याने कोंड्याचे तुकडे होतात.

१८८० च्या दशकाच्या अखेरीस बुडापेस्टमध्ये कार्ल हागेनमाखर याने चपट्या चाळण्या एकावर एक रचून तो सगळा डोलारा गोल-गोल हलवला. तोच प्लॅनसिफ्टर. घरी बाई दोन्ही हातांत चाळण धरून जशी फिरवते तशीच हालचाल. तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त कापड कामाला लागलं. डोलारा छताला वेताच्या काठ्यांवर टांगायचे, कारण वेत वाकतो पण मोडत नाही. आज तिथे फायबरच्या काठ्या असतात. परीक्षेला एवढं पुरे.

मिनिआपोलिसहून एक मराठी वाचक : इथे नदीकाठी जुन्या गिरणीच्या अवशेषांत मिल सिटी म्युझियम आहे. तिथे १८७८ च्या स्फोटाबद्दल वाचलं. पीठ स्फोट होण्याइतकं पेटतं कसं?

तुम्ही उभे होता तीच वॉशबर्न यांच्या ‘ए’ मिलची जागा. २ मे १८७८, संध्याकाळी सातच्या सुमारास, दिवसपाळी घरी गेलेली. सात मजल्यांवरची ती गिरणी उडाली आणि शेजारच्या गिरण्याही कोसळल्या. १८ माणसं गेली, त्यातली १४ याच गिरणीतली. बाकीची शेजारच्या गिरण्यांतली.

पोत्यातलं पीठ पेटवायला जा, ते फक्त करपतं. तेच हवेत उडालेलं असेल तर प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळते, एक पेटला की शेजारचा पेटतो, आणि बंद खोलीत वाढलेला दाब भिंती बाहेर ढकलतो. मिनेसोटा विद्यापीठातल्या पेक आणि पेकहॅम या प्राध्यापकांनी तपासात हे प्रयोग करून दाखवलं. ठिणगी कुठून? दोन दगड माल नसताना कोरडे फिरले आणि एकमेकांना घासले, हा सर्वांत संभवनीय खुलासा मानला गेला. दगडात माल संपला की चक्कीचा आवाज कसा बदलतो ते आमच्या सांगलीकरांना विचारा.

यात एक कडू गोष्ट आहे. ज्या वाऱ्याने रवा स्वच्छ केला, त्यानेच गिरणीची हवा धोक्याची केली. प्युरिफायरचा पंखा धूळ ओढून घ्यायचा आणि ती धूळ एका खोलीत नुसती सोडून द्यायचा. रवा पुन्हा दळणं आणि मोठमोठे पंखे आले, पण त्या धुळीचं काय करायचं याचा विचार मागे राहिला. ग्लासगोच्या ट्रेडस्टन गिरणीत १८७२ साली असाच स्फोट होऊन १८ जणच मेले होते. म्हणजे सहा वर्षं आधी इशारा मिळालेला होता. त्याबद्दल मालकांना माफ करायला माझं मन होत नाही.

नवी गिरणी बांधताना ऑस्ट्रियात जन्मलेल्या विल्यम द ला बार या इंजिनिअरने दगडांवरची धूळ ओढून घेणारी जर्मन पद्धत बसवली. १८८० च्या दशकाच्या मध्यात जॅक्सन गावातच (होय, स्मिथच्याच गावात) सायक्लोन निघाला. उलटा शंकू, आत हवा गरगर फिरते, धूळ कडेला फेकली जाऊन खाली घसरते, स्वच्छ हवा मधून वर. कुठल्याही राइस मिलच्या किंवा फर्निचर कारखान्याच्या छपरावर पत्र्याचं जे नरसाळं दिसतं ते हेच.

पुण्याहून एक निवृत्त वकील : ‘पेटंट फ्लोअर’ या नावात पेटंट कसलं?

रवा साफ करून दळण्याच्या नव्या पद्धतीचं. पुढे ते नुसतं उत्तम दर्जाचं नाव झालं, जसं बुडापेस्टच्या पिठाला ० ते ८ नंबर असायचे आणि शून्य सगळ्यात सरस. तुम्हाला रस वाटेल अशी गोष्ट म्हणजे कॉक्रेन विरुद्ध डीनर हा खटला. कॉक्रेनचं १८६३ चं पेटंट चाळताना हवेचे झोत वापरून पीठ करण्याचं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७० च्या दशकात ठरवलं की यंत्र वेगळं असलं तरी प्रक्रियेवर स्वतंत्र पेटंट असू शकतं. प्रक्रिया-पेटंटच्या चर्चेत तो निकाल आजही काढतात. गिरणीवाल्यांचं मात्र धाबं दणाणलं. रॉयल्टीच्या दाव्यांपुढे एकेकट्याचा निभाव लागणार नाही म्हणून ते संघटना करून लढले.

नाशिकहून एक गृहिणी : दोन कंपन्यांचा मैदा घरी आणला, दोन्ही पांढरेच दिसतात. कोणता जास्त स्वच्छ, हे घरी कळतं का?

कळतं, आणि तेही एकोणिसाव्या शतकातल्याच युक्तीने. तिला पेकार चाचणी म्हणतात, एका हंगेरियन तज्ज्ञाच्या नावावरून. काचेच्या किंवा लाकडाच्या पट्टीवर दोन्ही पिठांचे चमचाभर ढीग शेजारी शेजारी ठेवा. सुरीच्या पात्याने दाबून सपाट करा, मधली रेघ अगदी जुळली पाहिजे. आता पट्टी तिरकी धरून हळूच गार पाण्यात बुडवा. बुडबुडे थांबले की तशीच तिरकी बाहेर काढा. कोरडं असताना सारखी दिसणारी पिठं ओली झाली की वेगळी होतात. ज्यात सालीची भुकटी जास्त ते करडं पडतं, आणि पट्टी तासभर ठेवलीत तर सालीतल्या द्रव्यांमुळे ते आणखी काळवंडतं. मी अजूनही नवीन पिशवी आणली की करून बघतो. घरातले हसतात, आणि ओलं पीठ झटकून परत डब्यात टाकलं म्हणून एकदा बोलणीही खाल्ली आहेत, तेवढं तुम्ही टाळा.